वगळलेलं स्तोत्र

हिराजी तांडेल कुंपणापाशी दिसला आणि मामंजींनी हातातले वाल ताटात टाकले.

आम्ही दोघं पडवीत बसून डाळिंब्या सोलत होतो. त्या दिवशी सूर्य मावळल्यावर आब महिन्याचा, जुनं मंदिर जळाल्याच्या शोकाचा उपास लागायचा होता, आणि तो उपास सोडायला आमच्या इस्राएल लोकांच्या घरी बिरडं लागतंच. मामंजी उठले. धोतराला चिकटलेली सालं झटकली, खुंटीवरची टोपी घेतली आणि माझ्याकडे न बघता माजघरातून थेट परसात उतरले. मागचं फाटक वाजलं. मग पावसाचा आवाज तेवढा राहिला.

हिराजी बाहेरच उभा होता. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात खाडीतल्या बोयांची जुडी. बोयांना खवले असतात, म्हणून ते आम्हाला चालतात. आमच्या गावच्या कोळ्यांना हे सांगावं लागत नसे. कोलंबी किंवा मुशी घेऊन कोणी आमच्या दारात यायचं नाही. पण हिराजीच्या हातचे बोयेसुद्धा मामंजी घेत नसत. तो आला की उठून जायचे, आणि तो मासे पायरीवर ठेवून निघून गेला की मला म्हणायचे, शेजारी देऊन टाक.

सगळं गाव म्हणायचं, इसाजींचा, म्हणजे मामंजींचा, हिराजीवर राग आहे. मलाही तसंच वाटायचं. राग असायला कारण होतं. माझा नवरा रहमीम ज्या मचव्यातून गेला त्याचा तांडेल हिराजी होता. वैशाखाची अखेर होती. आमच्या घाण्याचं तेल घेऊन रहमीम मुंबईला निघाला होता, पावसाआधीची शेवटची खेप म्हणून. वाटेत तुफान झालं आणि मचवा फुटला. पुढे कळलं की एकटा हिराजी वाचला, खाली दक्षिणेला कुठल्याशा कोळीवाड्यात तापानं फणफणून पडलाय. बाकीच्यांचं काहीच कळलं नाही. ज्येष्ठात हिराजी उठून घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी खाडी ओलांडून आमच्याकडे आला. मामंजी तेव्हा ओटीवर होते. त्यांनी नुसता हात वर केला, थांब म्हणतात तसा, आणि आत निघून गेले. मी दारात उभी होते. हिराजी जरा वेळ घुटमळला आणि परत गेला.

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. तो यायचा, मामंजी उठायचे. आता तिसरा पावसाळा होता.

त्या मधल्या काळात मी कोण होते ते मला सांगता आलं नसतं. अंगावर हिरव्या बांगड्या होत्या, गळ्यात मंगळसूत्र होतं. रहमीमचं ताट मामंजी रोज मांडायला लावायचे. मी मांडायची आणि आमची जेवणं झाली की उचलून ठेवायची. घरात मृत्यूचं नाव निघालं नव्हतं, त्यामुळे सुतक नव्हतं, आणि सुतक नव्हतं म्हणून रडणंही नव्हतं. मुंबईहून माझा भाऊ आला होता. ते सगळे देश सोडून इस्रायलला निघायची तयारी करत होते. मलाही चल म्हणाला. मग मामंजींच्या समोरच त्यानं विचारलं, माझ्या बहिणीचं पुढे काय? मामंजी शांतपणे म्हणाले की समुद्रात गेलेला माणूस कुठे लागेल ते कोणी सांगावं. साक्षीदार नाही तोवर मिल्का रहमीमची बायको आहे, आणि हे मी म्हणत नाही, शास्त्र म्हणतं. भाऊ दोन्ही हात मांड्यांवर आपटून उठला. त्याला माहीत होतं की ते खरं आहे.

आणि घरात आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. रहमीमला किनाऱ्यावरून आलं की पायरीच्या दगडावर पाय आपटून वाळू झाडायची सवय होती. आधी डावा, मग उजवा, मग घसा खाकरायचा. तो गेल्यावरही संध्याकाळी कधीकधी पायरीवर तो आवाज यायचा. मी चुलीपाशी असायची. मान वळवून बघायची, तर मामंजीही पोथीवरून मान वर करून दाराकडे बघत असायचे. आमची नजरानजर व्हायची. मग ते पुन्हा वाचायला लागायचे आणि मी पुन्हा फुंकणी उचलायची.

तर त्या दिवशी हिराजीनं मासे पायरीवर ठेवले, पण तो गेला नाही.

"म्हातारबाबा आजपन गेलं?" त्यानं विचारलं.

"गेले."

"मग तुलाच सांगतो, बाय. मना आता ऱ्हावत नाय." त्यानं खोळ मागे सारली. "दर्या यंदा तो किनारा खातोय. मी ठेवलेली दगरां निम्मी गेली. पावसाआधी गेलो व्हतो तवा पुन्ना रचली. पन या पावसात ऱ्हातील असं वाटत नाय. बघायचा असंल तं दर्या खुला झाला की लगेच चला. पुढं दाखवाला काय रान्हार नाय."

मी काही विचारलं नाही. कुठला किनारा, कसले दगड, कोणावर ठेवले, यातला एकही शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. हातातली डाळिंबी मी चिमटीत धरून बसले होते. पण त्याला बहुतेक माझ्या प्रश्नाची गरजच नव्हती. दोन पावसाळे त्यानं ते तोंडात धरून ठेवलं होतं.

मचवा फुटला तेव्हा त्याला फळी मिळाली होती. कुठे लागला ते त्याला कळलं नाही. उजाडल्यावर डोळे उघडले तर लांबलचक, निर्मनुष्य किनारा होता, मागे सुरूची झाडं. थोडं चालून गेल्यावर त्याला रहमीम दिसला. वाळूवर पालथा होता, जीव केव्हाच गेला होता. अंगावर तोच निळ्या रेघांचा सदरा होता, मी शिवलेला. हिराजीचा एक हात खांद्यातून निखळला होता. जवळपास वस्ती नव्हती, आणि घारी यायला लागल्या होत्या. तेव्हा त्यानं एका हातानं वाळू उकरली, खालची ओली वाळू लागेपर्यंत, आणि त्याला आत ठेवून वर दगड रचले. तुमची माती द्यायची रीत मला ठाऊक नव्हती, तो म्हणाला, म्हणून डोकं उगवतीला केलं आणि दर्याला सांगितलं की हा आता आमचा, याला पुन्हा नेऊ नको. मग तो चालत निघाला आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा कोळीवाड्यात जाऊन पडला. पोलिसांना त्यानं सांगितलं नाही. पंचनाम्याशिवाय पुरलं म्हणून धरतील, ही भीती. बायकोला सांगितलं होतं आणि तिला बजावलं होतं की बापाच्या कानावर जाण्याआधी गावात जाऊ द्यायचं नाही. बाप मात्र कान द्यायला तयार नव्हता.

"त्यांना वाटतंय मी त्याला सोरून आलो," हिराजी म्हणाला. "मी सोरला नाय, बाय."

एवढं बोलून तो पावसात निघून गेला. मी उरलेले वाल सोलले. सगळे सोलले. एकही दाणा मोडला नाही हे मला आजही आठवतं, आणि त्याची अजून थोडी लाज वाटते. मग बोये उचलून आत नेले आणि शेजारी न देता साफ करून ठेवले.

मामंजींबद्दल थोडं सांगायला हवं. ते काही मोठे धर्मपंडित नव्हते. घाणा चालवणारे तेलीच. गावातले लोक आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असायचा. पण त्यांच्या वडिलांनी त्यांना हिब्रू शिकवलं होतं आणि गळा देवानं दिला होता. आमची मशीद लहानशी. प्रार्थनामंदिराला आम्ही मशीदच म्हणतो. तिला पगारी हज्जान परवडत नव्हता, म्हणून प्रार्थना मामंजीच चालवायचे. दहा पुरुष जमले तरच पुरी प्रार्थना होते, आणि घरंच्या घरं देश सोडून चालल्यापासून दहा जमवताना त्यांना दारोदार जावं लागायचं.

लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा पहाटे त्यांचं वाचन ऐकत मी चूल पेटवायची. एकदा मी रहमीमला विचारलं की तुझे वडील देवाशी भांडतात का. तो इतका हसला की मामंजींनी आतून हाक मारली, काय झालं म्हणून. मग त्यांनीच मला समजावलं. म्हणाले, दाविदाच्या स्तोत्रांत अर्धी तर गाऱ्हाणीच आहेत. आणि गाऱ्हाणं म्हणजे साधंसुधं नव्हे. किती दिवस तोंड लपवणार आहेस, झोपलायस का, माझी हाडं मोजून झाली, शत्रू हसतायत आणि तू बघत बसलायस, असं थेट देवाला विचारायचं. मी म्हटलं, पाप नाही का लागत? ते म्हणाले, जो ऐकतोय अशी खात्री आहे त्यालाच माणूस असं बोलतो. आणि ऐक, प्रत्येक गाऱ्हाणं कुठेतरी वळतं. एक 'तरीपण' येतो. तरीपण तू आहेस, तरीपण मी गाईन. तो आला की चाल बदलते, ती ओळखायला शीक. मी शिकले. मला हिब्रूचं अक्षर येत नव्हतं, पण चूल फुंकताना तो 'तरीपण' कुठे येतो ते मला कळायला लागलं.

त्यांनी तेव्हा हेही सांगितलं होतं की एक स्तोत्र असं आहे, त्यात तो येत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. अंधार हाच त्यातला शेवटचा शब्द. पुढे कोणीतरी दोन ओळी जोडायला हव्या होत्या, पण कोणी जोडल्या नाहीत, आणि ते तसंच पवित्र मानलं गेलं. मला ते ऐकायचं होतं. क्रमानं वाचताना महिन्यातून एकदा ते यायचं. चाल चढायचीच नाही. पायऱ्या उतरत जावं तसं खाली खाली.

रहमीम गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मामंजी रोज वाचायचे, क्रमानंच वाचायचे, पण ते यायचं त्या पहाटे त्याच्या आधीचं संपवून क्षणभर थांबायचे, पान उलटायचे आणि थेट पुढच्याला लागायचे.

दुपारी ते परतले तेव्हा नखशिखांत भिजले होते. कुठे गेला होतात हे मी कधी विचारत नसे. हिराजी आला की ते मशिदीत जाऊन बसायचे हे मला ठाऊक होतं. मी पंचा दिला. ते डोकं पुसत होते.

मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही एक स्तोत्र वगळता."

त्यांचा हात थांबला नाही. "तुझं लक्ष असतं तर."

"आज रात्रीच्या विलापानंतर ते वाचाल का?"

आता हात थांबला. पंचा डोक्यावर तसाच होता, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. बाहेर पागोळ्या पडत होत्या. मला वाटलं, ते विचारतील, तो काय म्हणाला? कुठे? कसा होता? मी उत्तरं मनात लावून ठेवली होती. सदऱ्याचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

त्यांनी विचारलं ते वेगळंच. "तू त्याला विचारलंस, की तो आपणहून बोलला?"

"आपणहून."

"एक शब्दही विचारला नाहीस? आठवून सांग. खूण केलीस, मान हलवलीस?"

"नाही, मामंजी. मी डाळिंबी धरून बसले होते."

"आणि तुझं पुढे काय व्हायचंय, लग्नाबिग्नाचं, असलं काही त्याच्या मनात होतं का?"

"त्याच्या मनात दगड होते," मी म्हटलं.

ते खाली बसले. पंचा तोंडावरून ओढून घेतला आणि त्याच्या आत बराच वेळ श्वास घेत राहिले. मला तो प्रश्न कळला नव्हता. मला त्याचा रागच आला, खरं सांगायचं तर. पोटचा मुलगा गेला हे कळतंय, आणि म्हातारा विचारतोय की सुनेनं मान हलवली का.

मग ते उठले आणि म्हणाले, "उपासाआधीचं जेवून घेऊ. उशीर नको."

ते जेवण जमिनीवर बसून जेवायचं असतं. उकडलेलं अंडं, आणि राखेला लावून खायचा भाकरीचा तुकडा. मी सवयीनं तीन ताटं घेतली होती. मामंजींनी तिसरं माझ्या हातातून घेतलं, पुसलं आणि फडताळात उभं करून ठेवलं.

संध्याकाळी मशिदीत दहा पुरुष कसेबसे भरले. त्या रात्री बाकांवर बसायचं नसतं. सगळे जमिनीवर, पायांत चपला नाहीत, पवित्र पोथ्यांच्या कपाटावरचा पडदा काढलेला, आणि वाचणाऱ्यापाशी एकच तेलाचा दिवा. बायका मागे, लाकडी जाळीच्या अलीकडे. आम्ही चौघीच होतो. मामंजींनी पडलेल्या नगरीचा विलाप वाचला. मंदिर जळालं, वाटा ओस पडल्या, आया मुलांसाठी आकांत करतायत, असा तो सगळा असतो, दरवर्षीचाच. आवाज नेहमीसारखा होता. थोडा बसका, पण स्थिर. विलाप संपला तसे लोक उठायला लागले.

मामंजी उठले नाहीत. त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीलाच दाऊदजी, आमचे शेजारी, पुन्हा खाली बसले. मग बाकीचेही बसले. त्यांनाही दोन वर्षांत ते ऐकायला मिळालं नव्हतं, आणि का, हे त्यांनी ओळखलं असावं.

मी जाळीला कपाळ टेकून ऐकत होते. चाल खाली उतरत गेली. दर पायरीला मला वाटायचं, आता थांबतील. इथे तो 'तरीपण' आला असता. इथे. किंवा इथे. तो आला नाही आणि मामंजी थांबले नाहीत. शेवटच्या शब्दावर त्यांचा आवाज फुटला नाही की कापला नाही. तो शब्द त्यांनी नुसता खाली ठेवला. दाऊदजींना ते सहन झालं नाही. सांत्वनाची एखादी ओळ जोडून शेवट गोड करायची आमच्याकडे पद्धत आहे, तशी ओळ त्यांनी म्हणायला घेतली. मामंजींनी अंधारातच हात पुढे केला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. दाऊदजी गप्प झाले.

त्या रात्री कोणी कोणाला सलाम करायचा नसतो. लोक तसेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जमिनीवरून उठायची मुभा असते. मामंजी उठले नाहीत. ओटीवर, भिंतीला पाठ न टेकता बसून राहिले. मी जवळ जाऊन बसले. माझ्या बांगड्या मी सकाळीच काढल्या होत्या. मंगळसूत्र काढायला मात्र हात मागे जात नव्हते. मामंजींनी पदराआडून त्याची गाठ सोडवली आणि ते माझ्या ओंजळीत दिलं.

म्हणाले, "मला एक तास आहे."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. मरणाची बातमी महिन्याच्या आत कळली तर सात दिवस जमिनीवर बसायचं, लोकांनी यायचं, जेवण आणायचं, गेलेल्याबद्दल बोलायचं. बातमी जुनी होऊन कळली तर सुतक एका तासाचं. तास झाला की उठायचं आणि कामाला लागायचं. ते म्हणाले, "हिराजी पहिल्यांदा आला तेव्हा महिना उलटला नव्हता. मला सात दिवस मिळाले असते. तुलाही."

मग अंगणाकडे बघत म्हणाले, "मी त्याच्यावर रागावलो नव्हतो, मिल्का."

त्यांचं सांगणं साधं होतं, आणि अजूनही मला ते झेपत नाही. शास्त्र असं की समुद्रात गेलेल्याची बायको साक्षीशिवाय मोकळी होत नाही. साक्ष आपल्या धर्माच्या माणसाचीच हवी असं नाही, परक्याची चालते. मात्र परक्याला विचारलं आणि त्यानं सांगितलं, तर ते धरत नाहीत. तो आपणहून, मनात काही न ठेवता, बोलता बोलता बोलून गेला तर ते पक्कं. कारण तसं बोलणारा खोटं कशाला बोलेल? हिराजी पहिल्या दिवशी कुंपणात उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच मामंजींना कळलं होतं की हा मनात काही न ठेवता आलाय. तो तोंड उघडणार आणि रहमीम मरणार. म्हणून त्यांनी हात वर केला. त्यानंतर तो येत राहिला आणि ते उठून जात राहिले. तो बोलला नव्हता तोवर मुलगा समुद्रावर कुठेतरी होता.

"मी त्याला विचारूही शकलो असतो," ते म्हणाले. "विचारलं असतं तर शास्त्रानं ते पुसून टाकलं असतं. पण मी तर ऐकलं असतं ना."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी दोन वर्षं मी घेतली."

मला त्यांना काहीतरी सांगावंसं वाटलं. खाडी काही फार रुंद नव्हती. तरीचा माणूस ओळखीचा होता. हिराजीचं घर मला माहीत होतं, त्याची बायको बाजारात भेटायची, आणि मला बघून ती काहीतरी सांगायला तोंड उघडायची तेव्हा मी भाजीचा भाव विचारायची. पण हे मी म्हटलं नाही. तो त्यांचा तास होता. मी फक्त त्यांच्या शेजारी बसून राहिले.

ते रहमीमबद्दल बोलायला लागले. लहानपणी घाण्याच्या बैलाचे डोळे बांधलेले बघून तो रडायचा आणि स्वतःचेही डोळे बांधून बैलामागे फिरायचा. हे मी कधी ऐकलं नव्हतं. आणखीही बरंच सांगितलं. उन्हं पडवीत आली, मग ओटीवर चढली. मग ती परत उतरली.

शेवटी त्यांनी विचारलं, "तास झाला का?"

"अजून नाही, मामंजी," मी म्हटलं.

ते पुढे सांगत राहिले. बिरड्याखालचा निखारा विझून गेला होता.

पुढचं सांगायला फार नाही. मुंबईला पंचांसमोर मला जावं लागलं. त्यांनी मला मामंजींचाच प्रश्न विचारला, तो आपणहून बोलला का, मीही तेच उत्तर दिलं, आणि मला मोकळं केलं. भाऊ देश सोडून गेला; मी गेले नाही. काही वर्षांनी ठाण्याच्या एका विधुराशी लग्न केलं, संसार केला, मुलं मोठी झाली. नवरा चांगला होता. ठाण्याचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, जवळपास वाळूचा कण नाही. तरी एखाद्या संध्याकाळी दाराबाहेर कोणी पाय आपटतं. आधी डावा, मग उजवा. मी उठून दार उघडत नाही. गॅस बारीक करते आणि आवाज थांबेपर्यंत उभी राहते.

पण त्या वर्षीचं एक राहिलं. नारळीपौर्णिमा झाली, दर्या खुला झाला आणि हिराजीनं आम्हाला होडीत घेतलं. मामंजी त्याच्याशी दोन वर्षांत प्रथमच बोलले. वाटेत त्यांनी त्याचा निखळलेला खांदा कसा आहे ते विचारलं. हिराजी वल्ह्याकडे बघत राहिला.

किनारा त्यानं सांगितला होता तसाच होता. लांबच लांब, एका टोकाला खडक, दुसऱ्या टोकाला ओढ्याचं मुख, मागे सुरू. पण सुरूंची पुढची रांग उन्मळून पाण्यात पडली होती आणि वाळू पार मुळांपर्यंत कापली गेली होती. हिराजी पुढे गेला. थांबला. परत आला. पुन्हा पुढे गेला. दगड कुठेच नव्हते.

"इथंच व्हता," तो म्हणाला. मग, "नाय. त्या तिकरं असंल." तो वाळूत गुडघ्यांवर बसला आणि हातांनी उकरायला लागला.

मामंजींनी त्याला खांद्याला धरून उठवलं. चांगल्या खांद्याला. म्हणाले, "राहू दे. या किनाऱ्यावर कुठेतरी आहे ना?"

"हाय. कुठंतरी हायच."

मामंजी ओढ्याच्या मुखापाशी गेले. चपला काढल्या, टोपी नीट केली आणि तिथून खडकांच्या दिशेनं चालायला लागले. चालता चालता मोठ्यानं म्हणत होते. पाठच होतं त्यांना. तेच स्तोत्र. मी त्यांच्या मागून चालत होते. शब्द संपले की थांबायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे वाळूचा एकही हात शब्दाशिवाय राहू नये. मध्येच कुठेतरी त्याच्यावरून आम्ही गेलोच असणार. कुठे, ते आम्हाला कळलं नाही. मी पायाखाली काही लागतंय का बघत होते. नुसती ओली, गार वाळू होती.

खडकांपाशी पोचलो तेव्हा मला वाटलं, झालं. मी टेकले. मामंजी टेकले नाहीत. वळले, आणि पाण्याच्या थोडं जवळून, दुसऱ्या ओळीनं परत निघाले, घाण्याच्या बैलासारखे, एका लयीत.

हिराजी माझ्यापाशी येऊन उभा राहिला. सूर्य कलला होता. पहिली लाट मामंजींच्या पावलांपर्यंत आली आणि त्यांच्या मागे उमटलेलं सगळं पुसून गेली.

"बाय, हाक मार त्यांना," हिराजी म्हणाला. "भरती लागली."

मी हाक मारली नाही.